आंब्याच्या बागेतला जुना ट्रॅक्टर



पाऊस सरला की आम्हा कोकणातल्या आंबेवाल्यांना मोहोराइतकाच घोर गवताचा लागतो. आश्विनात कमरेला लागणारं गवत पौषात वाळून खडखडीत होतं, आणि मग कुणाची तरी जळती विडी पंधरा वर्षांची कलमं घेऊन जाते. पूर्वी गडी विळे घेऊन यायचे. आता माणसं मिळत नाहीत. खांद्यावरचा ब्रश कटर एक-दोन एकरांना ठीक. त्यापुढे पाठ बोलायला लागते. जुन्या बागेत कलमं 10-10 मीटरवर असतात, तेव्हा मधून 15 ते 25 अश्वशक्तीचा छोटा डिझेल ट्रॅक्टर सहज फिरतो. नवा परवडत नाही, म्हणून मी वापरलेला शोधला. तोही दोनदा, कारण पहिल्यांदा फसलो.

त्या पहिल्या ट्रॅक्टरचा रंग नवा होता, टायर चकचकीत होते. मी पोचलो तेव्हा इंजिन सुरू करून ठेवलेलं होतं आणि मला त्याचं कौतुकच वाटलं! दुसऱ्या दिवशी सकाळी घरी अर्धा तास स्टार्टर मारल्यावर उमगलं की ते आधीच का गरम केलं होतं. तेव्हापासून आधी बॉनेटवर हात ठेवतो. कोमट लागलं तर चहा घ्यायचा, निवू द्यायचं. थंड इंजिन कसं उठतं, त्यात निम्मी परीक्षा झाली. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. निळा धूर थांबेना, तर इंजिन ऑइल जाळतंय. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहावं; आतून भकाभका वाफारा आला, तर रिंगा-लायनरचा खर्च आलाच. काळ्या धुराचं कारण मात्र कधी कधी नुसता तुंबलेला एअर फिल्टर असतं.

मीटरवरच्या तासांवर फार जाऊ नका. जुन्या यांत्रिक मीटरचा काटा इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. संथ चालवलेल्या इंजिनचे तास त्यात कमीच दिसतात, आणि मीटर बदलायला वेळ तो कितीसा लागतो! त्यापेक्षा क्लच आणि ब्रेकची पेडलं किती झिजलीत ते बघा. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका. नाव बदलायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म लागतात.

गवत कापायचं काम दिसायला हलकं, पण इंजिनला ते सोसावं लागतं. ट्रॅक्टरमागच्या कटरला फिरवणारा दांडा, म्हणजे पीटीओ, मिनिटाला 540 फेरे मारायला हवा. थ्रॉटल कमी ठेवला की पातं गवत कापत नाही, फाडतं. म्हणजे तासन्‌तास इंजिन चढ्या वेगावर, आणि समोरून कुसळं रेडिएटरच्या जाळीत. रोज संध्याकाळी पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारून ती काढतो. जोराचं पाणी मारलं तर पत्र्या वाकतात, हे मी करून पाहिलेलं आहे.

ऑइल बहुतेक ठिकाणी 250 तासांनी बदला म्हणतात. आमचा ट्रॅक्टर वर्षात शंभर तासही चालत नाही, म्हणून ते दर दिवाळीला बदलतो. पावसाळ्यात उभा करताना टाकी काठोकाठ भरतो. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी साचतं, आणि मग आश्विनात डिझेल फिल्टरखालून ते सोडत बसावं लागतं. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालतो, नाहीतर पावसाचं पाणी आत जातं. उंदरांचं काय करावं, ते अजून सुचलेलं नाही.

पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर जुन्या ट्रॅक्टरला हमखास नसतं. ते आधी बसवा. सेकंदाला नऊ वेळा फिरणारा दांडा पंचाचं टोक धरतो, तेव्हा ओरडायलाही सवड मिळत नाही. उतारावर आडवं चालवू नका, सरळ वर-खाली चालवा.

आणि आमचा जांभा! गवतात लपलेल्या दगडावर पातं आपटलं की कटरचा शिअर बोल्ट तुटतो. तो तुटायलाच असतो, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. शेजारच्या वाडीत एकाने वैतागून तिथे कडक पोलादाचा बोल्ट घातला. बोल्ट अजून शाबूत आहे, गिअरबॉक्स मात्र भंगारात गेला. माझ्या टूलबॉक्समध्ये मऊ बोल्टांची पुडी असते. मागच्या हंगामात त्यातले सात गेले.