चिमुकल्या इंजिनांचा खरेपणा



आगगाडीचे खेळणे मुलांचे, असा आपला सर्वसाधारण समज आहे, आणि तो चुकीचा नाही. परंतु इंग्लंडात याच खेळण्यातून प्रौढ माणसांचा एक गंभीर छंद वाढीस लागला. लंडनच्या मॉडेल रेल्वे क्लबची स्थापना १९१० सालची आहे, एवढे सांगितले म्हणजे त्या छंदाचे वय ध्यानात येईल. या मंडळींचे सारे वाद अखेर एका प्रश्नापाशी येऊन थांबतात : वीत-सव्वावीत लांबीचे इंजिन मूळ इंजिनाशी किती प्रामाणिक असावे? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, आणि तो मात्र फारसा कोणी उच्चारीत नाही : या प्रामाणिकपणाची किंमत कोणी मोजावयाची?

प्रथम थोडे गणित पाहू. इंग्लंडातील रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर आहे. मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाने प्रतिकृती केली, तर तिच्या रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर येते आणि हिशेब बरोबर जुळतो. परंतु ब्रिटिश रेल्वेचे पूल आणि बोगदे अरुंद असल्यामुळे तेथील इंजिने युरोपातील इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. त्यांच्या चिमुकल्या देहात त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा कारखानदारांनी तोड काढली : इंजिन फुटास चार मिलिमीटर या प्रमाणाने जरा मोठे करावयाचे, रूळ मात्र तेच ठेवावयाचे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ साली बाजारात आणलेली 'हॉर्नबी डब्लो' गाडी याच मापाची होती, आणि ब्रिटनमध्ये आजही हेच माप सर्वाधिक प्रचलित आहे. वस्तुतः या प्रमाणाने रुळांमध्ये १८.८३ मिलिमीटर अंतर हवे. म्हणजे प्रत्येक इंजिन सव्वादोन मिलिमीटरांहून अधिक अरुंद पायांवर उभे आहे. धिप्पाड गृहस्थाने धाकट्या भावाच्या जोड्यात पाय कोंबावे, तसा हा प्रकार झाला.

ज्यांना हे खुपले, त्यांतील काहींनी अठरा मिलिमीटरांचे रूळ स्वीकारले. काही त्याहून कर्मठ, त्यांनी १८.८३ चाच आग्रह धरला. आता रूळ बदलले की चाके बदलावी लागतात, आस बदलावे लागतात, सांधे स्वहस्ते घडवावे लागतात. वळणांचीही तीच कथा. खेळण्यातील एका नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते. मूळ मापात ती सुमारे ३३ मीटर होईल, आणि तसल्या वळणावर एक्स्प्रेसचे मोठे इंजिन जाऊच शकणार नाही. अशा मोजक्या चोखंदळ गिऱ्हाइकांसाठी वेगळा माल काढणे मोठ्या कारखान्यास परवडत नाही. तेथे लहान व्यावसायिक पुढे येतो. पुष्कळदा तो एकटाच असतो, आणि त्याचा कारखाना म्हणजे घरामागची एक खोली.

त्याच्यापुढील काम किती बिकट असते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन १९२३ साली डॉनकास्टर येथे तयार झाले. त्याचा पहिला क्रमांक १४७२. पुढल्याच वर्षी तो ४४७२ झाला. लंडन ते एडिंबरा न थांबता धावता यावे म्हणून १९२८ साली त्यास नवे टेंडर जोडले. चालत्या गाडीत चालकांची बदली व्हावी यासाठी त्या टेंडरातून एक बोळ काढलेला होता. १९४७ साली बाष्पपात्र बदलले, १९५९ साली दुहेरी धुराडे आले, १९६१ साली धूर वर लोटणारे पत्रे आले आणि १९६३ साली इंजिन सेवेतून निवृत्त झाले. आता खरे 'फ्लाइंग स्कॉट्समन' कोणते म्हणावयाचे? १९३० सालच्या देखाव्यात ते पत्रे दिसले, की जाणकार तात्काळ बोट ठेवणार. एका इंजिनाची ही कथा, मग ज्या वर्गात पन्नास-साठ इंजिने आहेत, त्याचा विचार आपणच करावा.

प्लॅस्टिकचे इंजिन काढावयाचे तर पोलादी साचे लागतात. त्यांचा खर्च इतका मोठा, की हजारोंनी नग खपल्याखेरीज तो भरून निघत नाही. लहान व्यावसायिक म्हणून रबराच्या साच्यात कथील-शिशाचे मिश्रण ओततो, किंवा पितळी पत्र्यावर आम्लाने भाग कोरून घेतो. जोडणी गिऱ्हाइकाने डाख देऊन घरी करावयाची. यात भांडवल थोडे लागते, पण रबराचे साचे झिजतात आणि नव्याने करावे लागतात. चाके दुसऱ्याकडून घ्यावयाची, मोटर तिसऱ्याकडून. चाके करणारा वृद्ध गृहस्थ आजारी पडला, की इंजिनवाल्याचा माल खोक्यातच राहतो. त्यातून स्पर्धा आहेच. २०१८-१९ साली 'टेरियर' नावाच्या एकाच छोट्या इंजिनाच्या दोन नव्या प्रतिकृती पाठोपाठ जाहीर झाल्या, एक हॉर्नबीची आणि दुसरी शेफील्डच्या एका विक्रेत्यासाठी डॅपोलने केलेली. तो घाव मोठ्यांना सोसतो. एकट्या माणसाची वर्षांची मेहनत मात्र अशा एका जाहिरातीने वाया जाऊ शकते. अर्थात मोठेही अमर नाहीत. मेकॅनो कंपनी १९६४ साली लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेली आणि १९७१ साली लाइन्स ब्रदर्सच कोसळली. लिव्हरपूलमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या हॅटन्स या नामांकित दुकानाने २०२४ च्या जानेवारीत आपला व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले.

कोणी म्हणेल, एक दुकान मिटले, यात एवढे हळहळण्यासारखे काय? 'पेट्रियट' वर्गाची ५२ इंजिने होती. १९६५ सालच्या अखेरीस त्यांतील एकही सेवेत उरले नाही, आणि मूळ इंजिन एकही जतन झाले नाही. अशा इंजिनाची डोळ्यांनी पाहता येईल, हातात घेता येईल अशी स्मृती म्हणजे त्याची नेटकी प्रतिकृती. ती घडविण्यासाठी कोणीतरी जुने आराखडे आणि छायाचित्रे वर्षानुवर्षे ताडून पाहिलेली असतात. तो माणूस थकला आणि त्याचे साचे भंगारात गेले, म्हणजे ते ज्ञानही त्यांबरोबर जाते.

आपल्याकडील हौशी माणसाची अडचण तर आणखी मोठी. भारतीय ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे. सत्त्याऐंशीव्या हिश्शाने ते सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते, आणि बाजारात सहज मिळणारे रूळ साडेसोळांचे! फुटास चार मिलिमीटर धरले, तर बावीस हवेत. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. ते पाहून ज्या मुलास आपली डेक्कन क्वीन हुबेहूब घडवावीशी वाटेल, त्यास रुळांपासूनच आरंभ करावा लागेल. त्याच्या मदतीस येईल तो असाच एखादा लहान कारागीर.

म्हणून चूक आणि तडजोड यांत भेद करावयास आपण शिकले पाहिजे. धुराडे चुकीच्या जागी बसविले, तर ती चूक. ती दाखवून द्यावी, कारागिराचाच त्यात लाभ आहे. रूळ अरुंद ठेवले आणि तसे स्पष्ट सांगितले, तर ती तडजोड. तिच्याविना बहुतेकांच्या घरी गाडी धावलीच नसती. रिव्हेट मोजण्याचा अधिकार गिऱ्हाइकास जरूर आहे. मात्र तो बजावताना हातात भिंग असावे, तसे खिशात योग्य मोलही असावे, आणि माल उशिरा आला तर थोडा धीरही असावा. जेथे या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, तेथे लहान कारागीर तग धरतो, आणि त्याच्या हातून घडलेले इंजिन खरे उतरते.