कंस करा, खोडू नका

भोसरी, चाकण, कुपवाड, शिरोली, सातपूर, वाळूज. यांपैकी एखाद्या एमआयडीसीत तुमचं फॅब्रिकेशनचं शॉप असेल, प्रेशर व्हेसल, टाक्या, पाइपिंगचे स्पूल, साखर कारखान्यांचे ज्यूस हीटर असं काही तुम्ही बनवत असाल, तर पुढची दहा-बारा मिनिटं तुमच्यासाठी आहेत. आकाशवाणीनं विषय दिला आहे, वेल्डिंगच्या आणि तपासणीच्या नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर कसं निवडावं. विषय लांबलचक आहे. मी त्याचं एकच टोक धरणार आहे आणि तेच ओढत राहणार आहे, हे आधीच सांगून टाकते.

हल्ली पार्टी ऑर्डर देतानाच विचारते, वेल्डचं ट्रॅकिंग कशात करता? मग मालकांची धावपळ सुरू होते. दोन-तीन कंपन्यांना डेमोला बोलावतात. डेमोत काय दिसतं? रंगीत आलेख, हिरवे-तांबडे चौकोन, एका बटणावर पूर्ण डॉसियर. मालक खूश. मी अशा डेमोंना बसते तेव्हा एकच प्रश्न विचारते. एक जॉइंट आरटीत नापास झाला. गॉजिंग करून रिपेअर केला. पुन्हा शूटिंग झालं, पास झाला. आता त्या जॉइंटसमोर स्क्रीनवर काय दिसतंय?

नुसतं ‘पास’ दिसत असेल, तर त्या मंडळींना चहा द्या आणि निरोप द्या.

आपण सगळ्यांनी सातबारा पाहिलेला आहे. प्लॉट घेताना पाहिलाय, वडिलांच्या मागे वारस लावताना पाहिलाय. जमीन विकली गेली की तलाठी जुन्या मालकाचं नाव पुसून टाकत नाही. त्या नावाला कंस करतो, नवं नाव लावतो आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकतो. तो नंबर धरून गाव नमुना सहा उघडलात की बदल कधी झाला, कशावरून झाला, सगळं सापडतं. आजोबांच्या नावाला कंस झालेला असतो, पण आजोबा वाचता येतात. वाद उभा राहिला की वकील पहिल्यांदा काय मागतो? जुने फेरफार.

तुमच्या प्रत्येक जॉइंटला असा सातबारा हवा. आणि त्यातल्या प्रत्येक बदलाला फेरफार हवा. नापास झालेली नोंद कंसात जाईल, जायलाच हवी. पण ती वाचता आली पाहिजे. कंस करा, खोडू नका. हे वाक्य मी आज तीन-चारदा म्हणणार आहे, कंटाळू नका.

म्हणाल, बाई, जॉइंट शेवटी पास झाला ना? मग जुनं उकरून काय मिळणार?

फिल्म हातात घ्या. शूटिंगच्या वेळी शिशाची अक्षरं ठेवलेली असतात, ती फिल्मवर उमटतात. जॉब नंबर, सीम नंबर, वेल्डरचा नंबर, तारीख. आणि रिपेअरनंतरच्या फिल्मवर आणखी एक खूण येते, आर-वन. दुसऱ्यांदा रिपेअर केला असेल तर आर-टू. आता थर्ड पार्टीचा इन्स्पेक्टर व्ह्यूअरवर फिल्म लावतो, त्याला आर-वन दिसतं. तुमच्या सॉफ्टवेअरच्या छापील तक्त्यात मात्र त्या सीमला रिपेअरच नाही, पहिल्या फटक्यात पास. आता तो इन्स्पेक्टर बाकीच्या तक्त्यावर विश्वास ठेवेल का? मी त्याच्या जागी असते तर सगळ्या फिल्म्स पुन्हा काढायला लावल्या असत्या. आणि मी त्या जागी असते, हे ऐकणाऱ्यांपैकी काहींना ठाऊक आहे.

यात कुणाची लबाडी असते असंही नाही. सॉफ्टवेअरमध्ये निकालाचा रकाना एकच असतो. पोरानं त्यात ‘नापास’ लिहिलेलं असतं, नवीन रिपोर्ट आला की तो त्याच रकान्यात ‘पास’ लिहितो. एक्सेलमध्ये नेमकं हेच होतं. एक्सेलला मी नावं ठेवत नाही, कितीतरी शॉप्सनी त्यावर उत्तम कामं केली आहेत. पण हजारो रुपये मोजून एक्सेलचाच दोष विकत घ्यायचा असेल, तर एक्सेल काय वाईट आहे?

पाइपिंगवाल्यांसाठी यात पैशाचा हिशेबही आहे. बी-थर्टी-वन-थ्री कोडात नॉर्मल फ्लुइडच्या लाइनला ५ टक्के जॉइंट आरटीला जातात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातला एक नापास झाला तर त्याच वेल्डरचे त्याच लॉटमधले आणखी दोन जॉइंट घ्यायचे. ते दोन्ही पास झाले तर मूळचा दुरुस्त करा आणि पुढे चला. त्यातला एखादा नापास, तर त्याच्यापोटी आणखी दोन. तिथेही गडबड निघाली तर सगळा लॉट उघडा पडतो. म्हणजे हे वाढीव जॉइंट कुठून आले, कुठल्या नापास जॉइंटपोटी घेतले, ही साखळी दिसली पाहिजे. मूळची नापास नोंदच पुसली गेली तर ते दोन जादा जॉइंट तक्त्यात नुसतेच लोंबकळतात. पार्टीचा माणूस विचारतो, हे का शूट केले? आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

आता हेच टोक दुसऱ्या बाजूनं. वेल्डरची पात्रता. सेक्शन नाइनमध्ये वेल्डरनं एखादी प्रोसेस सहा महिने वापरली नाही तर त्या प्रोसेसची त्याची पात्रता जाते. सगळी सॉफ्टवेअरं हे सांगतात, तारीख जवळ आली की घंटा वाजवतात. छान. पण ती आजची स्थिती सांगतात. मला आजची नको असते. मला विचारायचं असतं, मार्चमध्ये ज्या दिवशी यानं हा नोझल वेल्ड केला, त्या दिवशी तो पात्र होता का? किती जाडीपर्यंत? कारण टेस्ट कूपन १३ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर कूपनमधल्या वेल्डच्या दुप्पट जाडीपर्यंतच त्याला परवानगी. १३ किंवा जास्त, आणि किमान तीन थर, तर मर्यादा नाही. समजा यानं एप्रिलमध्ये जाड कूपनवर नवी टेस्ट दिली. सॉफ्टवेअरनं जुनी मर्यादा खोडून नवी लिहिली. आता मार्चचा जॉइंट बघितला तर सगळं हिरवं! वास्तविक मार्चमध्ये तो त्या जाडीला पात्र नव्हता.

डब्ल्यूपीएसचंही तेच. जॉइंट झाला तेव्हा रिव्हिजन वन चालू होती. आज रिव्हिजन थ्री आहे. वेल्ड समरी छापायला घेतली की सगळ्या जॉइंटसमोर रिव्हिजन थ्री. बघणाऱ्याला वाटतं, यांनी जॉइंट आधी मारला आणि प्रोसिजर नंतर लिहिली. पुन्हा सांगते, जुन्या मालकाला कंस करा, त्याच्या काळात जमीन त्याचीच होती.

थोडं बाहेरचं उदाहरण देते, कारण ते या बाबतीत सगळ्यांनी वाचायला हवं असं आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन ब्रूनो नावाचं गाव आहे. ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी तिथे वस्तीखालून जाणारी ३० इंची गॅसची लाइन फुटली. आठ माणसं गेली, ३८ घरं जळाली. कंपनीच्या संगणकात त्या तुकड्याची नोंद काय होती? सीमलेस पाइप. म्हणजे लाँग सीमच नाही. प्रत्यक्षात तिथे १९५६ मध्ये टाकलेले, लाँग सीम असलेले आखूड तुकडे जोडलेले होते, आणि काही तुकड्यांच्या सीमला आतून वेल्डच नव्हता. सीमलेस हा शब्द संगणकात आला होता हिशेबखात्याच्या एका जुन्या कागदावरून. पुढे मूळ कागद शोधायची वेळ आली तेव्हा कंपनीनं काऊ पॅलेस नावाच्या एका मोठ्या प्रदर्शन-हॉलमध्ये खोक्यांच्या राशी आणून माणसं बसवली. जी नोंद कुठून आली ते तिच्याशेजारीच लिहिलेलं नसतं, ती अशी शोधावी लागते. तलाठी फेरफारात कशावरून हे लिहितो. खरेदीखत, वारस, वाटणीपत्र. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कशावरून’ला जागा आहे का? प्लेटचा हीट नंबर बदलला, ठीक, चूक होती म्हणून बदलला. पण कशावरून? टीसी पाहून, की प्लेटवरचा पंच पाहून, की स्टोअरकीपरनं फोनवर सांगितलं म्हणून?

सातबारा अजून थोडा ताणते. तलाठी फेरफार नोंदवतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. ज्यानं नोंद घेतली त्यानंच ती मंजूर करायची नाही. आणि आपल्याकडे? सगळ्या शॉपचा एकच लॉगिन. नाव क्यूसीतल्या मुलाचं, पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली. फिट-अपची नोंद त्याच नावानं, व्हिज्युअल त्याच नावानं, मंजुरी त्याच नावानं, आणि तो मुलगा त्या दिवशी गावाला यात्रेला गेलेला. रागावू नका, पण हे मी अनेक शॉप्समध्ये पाहिलंय, आणि त्यातली काही चांगली मोठी आहेत. लॉगिन वाढवले की माणशी पैसे वाढतात, हे खरं. म्हणूनच भाव करताना किती लॉगिन मिळणार हे आधी विचारा. आलेख कमी असले तरी चालतील.

आणि नोंद करायची कुठे? २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या वावरात उभा राहतो, मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो, फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात. रेंज नसते, अॅप अडकतं, तक्रारी आहेतच. पण कल्पना बघा, नोंद जागेवर व्हावी. आपल्याकडे फिटर फिट-अप करतो, रूट गॅप बघतो, वेल्डर रूट मारतो, आणि नोंद होते शनिवारी, एसी केबिनमध्ये, डायरीवरून. आठवड्याभराच्या सगळ्या फिट-अपची रूट गॅप दोन मिलिमीटर. सगळ्यांची! एवढी सारखी गॅप आपल्याला कुणाला जमते का? म्हणून मोबाइलवर, हातमोजे काढून दोन-तीन बोटांत नोंद होते का, रेंज नसली तरी होते का, हे विक्रेत्याला ऑफिसात विचारू नका. त्याला शॉपमध्ये, ग्राइंडर चालू असताना, व्हेसलच्या आत उभं करा आणि सांगा, भर इथून.

डेमोबद्दलच बोलतेय तर आणखी एक. विक्रेते आपला नमुना डेटा घेऊन येतात. त्यात सगळे वेल्डर शहाणे असतात. त्यांचा डेटा बाजूला ठेवा. तुमचा सगळ्यात त्रासदायक जॉब काढा, ज्याच्या आठवणीनं अजून डोकं दुखतं. एक जॉइंट दोनदा रिपेअर झाला, मग कट करून नवा केला, मधेच वेल्डर बदलला, प्लेटचा हीट नंबर एकदा चुकीचा उतरला. तो जॉइंट विक्रेत्याकडून तुमच्यासमोर भरून घ्या, पहिल्या फिट-अपपासून. मग म्हणा, हा जॉइंट अमुक तारखेला कुठल्या स्थितीत होता ते दाखवा. मागची तारीख टाकून मागची स्थिती दिसली, म्हणजे कंस आहे. दिसली नाही, म्हणजे खोडरबर आहे. दुसरं म्हणा, आता अॅडमिनच्या लॉगिननं ती नापास नोंद डिलीट करून दाखवा. विक्रेता मोठ्या अभिमानानं डिलीट करून दाखवेल, कारण त्याला वाटतं तुम्हाला हीच सोय हवी आहे! डिलीट झाली आणि मागे काहीच उरलं नाही, तर ते सॉफ्टवेअर कितीही सुंदर असू दे, घेऊ नका.

काही मालक मला म्हणतात, मॅडम, मुद्दाम नापास नोंदी जपून ठेवायच्या म्हणजे पार्टीच्या हातात कोलीतच की. मी म्हणते, पार्टीला रिपेअर होतात हे माहीत आहे. शून्य रिपेअरचा तक्ता पाहिला की तिला शंका येते. आणि रिपेअर कुणाचे, कुठल्या पोझिशनला, कुठल्या पाळीत, इलेक्ट्रोड ओव्हनमधून काढून किती वेळ झाला होता, हे सगळं त्याच कंसातल्या नोंदीत असतं. सेव्हन्टी-एटीनला ओल लागली की पोरॉसिटी येते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपल्या शॉपमध्ये ती पावसाळ्यात दुसऱ्या पाळीतच का येते, हे शोधायचं असेल तर… असो, हा विषय निघाला तर अर्धा तास पुरणार नाही.

काचेपलीकडून दोन मिनिटांची खूण झाली आहे. दोन गोष्टी पटकन. एक, फिल्म स्कॅन करून ठेवायची की मूळ फिल्म ठेवायची, यावर मला बरंच बोलायचं होतं, ते राहू दे. तूर्त एवढंच, पार्टीच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय तेवढी वर्षं मूळ फिल्म फेकू नका. दोन, डेटा बाहेर कसा येणार? विक्रेत्यानं उद्या गाशा गुंडाळला, किंवा भाडं दुप्पट केलं, तर तुमच्या नोंदी साध्या तक्त्यात, कंसातल्या जुन्या नोंदींसकट बाहेर काढता येतात का? बहुतेक जण फक्त चालू स्थिती काढून देतात. करारावर सही करण्याआधी एका जॉबचा पूर्ण डेटा काढून घ्या, पेन ड्राइव्हवर, आणि तो त्यांच्या सॉफ्टवेअरशिवाय, साध्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. त्यात आर-वनची तारीख सापडली तर चेक फाडा.