आकडा वाढला म्हणून नोटीस देऊ नका



मी हिवताप विभागात उभी हयात काढली, तेव्हा डासांबद्दलच बोलतो.

माझी नोकरी गडचिरोलीत सुरू झाली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद व्हायचा. आमचा आरोग्यसेवक तापकऱ्याच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा आणि ती पट्टी कागदात गुंडाळून चिखलातून आरोग्य केंद्रात आणायचा. तिथे तंत्रज्ञाचं पद रिकामं. पट्ट्या पुढे जायच्या, पडून राहायच्या. एकदा एका मुलीचा फॅल्सिपेरम मलेरियाचा अहवाल घेऊन तो गावात पोहोचला, तर तिला पुरून आठवडा झाला होता. तो परत आला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि त्या दिवशी जेवला नाही.

पुढे जलद तपासणीची किट आशाताईंच्या हाती आली आणि निदान दारातच होऊ लागलं. त्या मुलीच्या वेळी अहवाल कळवायला कोणाकडे फोन असता तर काय झालं असतं, हे मी आजही मोजत बसतो.

डेंग्यूत तर ही घाई जास्तच. एडिस डासाचं अंडं पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत उडता डास होतं आणि तो डास सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. रुग्णाचं घर नकाशावर त्याच दिवशी दिसलं, तर शेजारचे पिंप, कूलर, टायर वेळेत रिकामे करता येतात. तीन आठवड्यांनी दिसलं, तर नुसता धूर सोडायचा. लोकांना धूर आवडतो, पुढाऱ्यांना त्याहून आवडतो, आणि पिंपातल्या अळीचं त्याने काहीच बिघडत नाही.

लाहोरचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आलो. 2011 साली तिथे डेंग्यूचे वीस हजारांवर रुग्ण झाले, तीनशेहून अधिक माणसं गेली. मग तिथल्या पंजाब सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंडळाने, उमर सैफ यांच्या पुढाकाराने, फिरत्या कर्मचाऱ्यांना स्मार्टफोन दिले. डबकं साफ करण्याआधीचा एक फोटो, नंतरचा एक, दोन्हींवर जागा आणि वेळ. काम झाल्याची खोटी सही करणं अवघड झालं. पुढच्या वर्षी रुग्ण काहीशेवर आले. सगळं श्रेय फोनचं नव्हे, साथ वर्षागणिक चढते-उतरते. पण तिथल्याच आरोग्य हेल्पलाइनवर आलेल्या तीन लाखांहून जास्त कॉल्सवरून साथीची चाहूल दोन-तीन आठवडे आधी लागते, हेही 2016 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. केनियात तर दीड कोटी मोबाइलच्या हालचालींवरून मलेरिया कुठून कुठे प्रवास करतो ते मांडलं गेलं. ते वाचताना मला आपले ऊसतोड कामगार आठवले. त्यांच्या टोळीबरोबर ताप कोणत्या कारखान्यापर्यंत जातो, हे आपण अजून धड विचारलेलं नाही.

आता माझं खरं दुखणं. शंभर माणसांमागे वर्षाला निदान दहा रक्तनमुने घ्यायचे, हा आमचा दंडक. माझ्या हाताखालच्या एका सेविकेने त्याच्या कितीतरी पट घेतले. साहजिकच तिच्या उपकेंद्रात सर्वांत जास्त मलेरिया सापडला. आढावा बैठकीत तिला उभं करून विचारलं, ‘‘तुमच्याकडेच एवढा कसा?’’ वर कारणे दाखवा नोटीस. शेजारच्या उपकेंद्राने नमुने जेमतेम घेतले, रुग्ण शून्य, त्याचं कौतुक! मी त्या बैठकीत भांडलो, कागदोपत्री भांडलो. नोटीस मागे घेतली गेली नाही. त्यानंतर तिचे नमुने कमी झाले. ताप कमी झाला नव्हता.

हीच वृत्ती रुग्णनोंदीच्या अ‍ॅपमध्ये शिरली, तर नकाशा हिरवागार दिसेल आणि दवाखाने भरलेले असतील. म्हणून पुन्हा पुन्हा विनवतो, रुग्ण शोधणाऱ्याला शिक्षा करू नका. तीच माहिती रजिस्टरात, अ‍ॅपवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अशी तीनदा मागू नका. रेंज नसलेल्या गावात नोंद फोनमध्ये साठली पाहिजे. आणि सेविकेने भरलेला आकडा नकाशा होऊन तिच्याच फोनवर परत आला पाहिजे, म्हणजे उद्या कोणत्या गल्लीत शिरायचं ते तिला कळेल.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण लवकरच तालुक्याच्या आढावा बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीत बसतील. ज्या उपकेंद्राचे रुग्ण सर्वांत जास्त, तिथल्या ताईंना आधी बोलू द्या आणि किट, औषधं, माणसं, गाडी यांतलं काय कमी पडतंय ते विचारून त्याच दिवशी पाठवा.