दोन फेजवर चाललेली मोटार

(आर्वी येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला वीस मिनिटं दिलीत. माझी माय इथं असती तर म्हणाली असती, या पोट्ट्याले वीस मिनिटं एका जागी उभा करून तर दाखवा. म्हणून मी आज कागदावर लिहून आणलंय. कागद हरवला तर पंचाईत नको, म्हणून दुसरी प्रत बायकोच्या पिशवीत आहे. हसता काय? एवढी अक्कल यायला मला एक्केचाळीस वर्षं लागली.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. मोटार वाइंडिंग. आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या संत्र्याच्या बागांतल्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात. रात्रभर बसून कॉइल भरतो, तारेचा एक वेढा चुकत नाही. पण दुकानाचं लाइट बिल भरायचं ध्यानात राहत नाही. वायरमन येतो आणि माझीच लाइन कापून जातो. मोटारवाल्याच्या दुकानात अंधार. गिऱ्हाईक म्हणते, भाऊ, तुम्ही हुशार आहा, पण आळशी आहा.

२०२४ साली नागपूरच्या एका डॉक्टरनं सांगितलं, तुम्हाला एडीएचडी आहे. लहानपणापासून आहे. अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. नाव मोठं आहे, दुखणं ओळखीचं आहे. या माणसाला लक्ष असतं. पण त्याचा लगाम त्याच्या हातात नसतो. लक्ष मोटारीवर बसलं की उठत नाही, बिलावर बसव म्हटलं की बसत नाही. आणि जे लक्षाचं, तेच रागाचं, रडण्याचं, लाजेचं. ठिणगी पडली की भडका. मध्ये कुणी थांबवणारं नाही.

मी सहा-सात वर्षांचा असताना मायनं मीठ आणायला पाठवलं. जिनिंगच्या फाटकापाशी कापसाच्या गाड्यांची रांग होती. बघत उभा राहिलो. दिवेलागणीला घरी आलो तो मीठ नाही, पैसे नाहीत, एका पायात चप्पल. "काहून रे, मीठ कुठी हाये?" मला आठवेचना की मी मिठाला गेलतो. मायनं मारलं. मग चुलीपाशी बसून स्वतःच रडली.

शाळेत एका मास्तरनं सगळ्या वर्गासमोर सांगितलं, याच्या डोक्यात अभ्यास शिरायचा नाही, तुमच्या रक्तातच नाही तो. माझ्या शेजारच्या बाकावर एका वकिलाचं पोरगं होतं. तेही जागेवर टिकायचं नाही. वह्या हरवायचं, मध्येच बोलायचं. त्याला मास्तर म्हणायचे, मस्तीखोर आहे, पण डोकं तल्लख. दोघांची खोड एक. त्याच्या वाट्याला कौतुक आलं, माझ्या वाट्याला जात आली.

माझी थोरली बहीण तर मस्तीसुद्धा करत नव्हती. खिडकीपाशी बसून बाहेर पाहायची. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला दचकायची. तिला सगळे येडी म्हणत. आठवीत शाळा सुटली. आज डॉक्टर सांगतात, पोरींचं हे दुखणं असंच गप्प असतं, म्हणून कुणाला दिसत नाही. माझ्या बहिणीलाही तेच होतं का, मला माहीत नाही. तिला तपासायला कुणी नेलंच नाही.

हे झालं दुसऱ्यांचं. आता आपलं बोलू.

आपल्या घराघरांत पोरांना सांगतात, बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत होते. जयंतीला सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. चांगली गोष्ट आहे. मीही एका वर्षी बसलो. पाऊण तासानं पाय हलायला लागले. दीड तासानं मी मागच्या दारानं पळालो आणि दिवसभर नदीकडं भटकलो. इतरांना वाटलं, शिस्त नाही. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं मी बाबासाहेबांचा नाही. मास्तरनं रक्तावर बोट ठेवलं होतं, त्यावर मी स्वतःच सही केली. सतरा वर्षांच्या पोरानं हे मनात धरलं आणि पुढं वीस-पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. थ्री फेज मोटारीचा एक फेज गेला की ती घुर्र करते, फिरत नाही, नुसती तापते. मग शेतकरी जुगाड करतो. कंडेन्सर लावतो आणि दोन फेजवरच मोटार फिरवतो. ती फिरते. पाणीही देते. गावाला वाटतं, ठीक चाललंय. पण आत वाइंडिंग तापत असतं. एक दिवस जळून ती माझ्या दुकानात येते.

माझे कंडेन्सर कोणते होते? खर्रा. दिवसाला दहा-बारा पुड्या. त्यावर चहा. दारूबंदीच्या या जिल्ह्यात दारू कुठं मिळते ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि सगळ्यात जोरदार कंडेन्सर राग. राग आला की माझं डोकं स्वच्छ व्हायचं. धुकं फाटायचं. शब्द भराभरा यायचे. हे मी आज ओळखलं. तेव्हा वाटायचं, मी क्रांतिकारक आहे.

तुम्ही मला वाघ म्हणत होता. मोर्च्यात मी टेबलावर चढलो की टाळ्या. एखाद्या साहेबाच्या अंगावर धावून गेलो की टाळ्या. त्यातला पुष्कळ राग खरा होता. रेशन अडवलं होतं, स्कॉलरशिप लटकवली होती, पोराला मारलं होतं. त्या रागाची मी आजही माफी मागणार नाही.

पण एका बैठकीत आपल्याच एका साथीनं विचारलं, वर्गणीच्या हिशोबाची वही कुठं आहे? एवढंच. आवाजही चढवला नव्हता. वही मी हरवली होती. कुठं, ते मला आठवत नव्हतं. लाजेनं कान तापले. आता हे म्हणणार, यानं पैसे खाल्ले. पुढचं मला नीट आठवत नाही. मी स्टूल फेकून मारलं. त्याची भुवई फाटली, चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो पट्टी बांधून दुकानात आला आणि त्यानं माझी माफी मागितली. मार खाल्ला त्यानं, माफीही मागितली त्यानं. कारण मी वाघ होतो. विचार करा, आपण काय करत होतो.

घरी तर टाळ्या वाजवायलाही कुणी नव्हतं. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर. दहा मिनिटांनी मीच रडायचो, बायकोचे पाय धरायचो. तिला त्याचाही वीट आला होता. पोरगा नऊ वर्षांचा. माझी बाइक गल्लीत वळली की तो वही उघडून बसायचा. वाचत नव्हता. नुसता धरून बसायचा.

त्याच पोरामुळं सगळं उघड झालं. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, पोराला एकदा दाखवा. नागपूरला नेलं. डॉक्टर पोराला विचारत होते, उत्तरं मी देत होतो. मध्येच उठून म्हणालो, साहेब, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. डॉक्टर हसले. म्हणाले, पोराचं होऊ द्या, मग तुमच्याबद्दल बोलू. हे दुखणं पुष्कळदा घरातच उतरतं. पोर आधी सापडतं आणि मागून बाप सापडतो.

माझी तपासणी एका दिवसात झाली नाही. थायरॉइड पाहिलं, झोप विचारली, व्यसन विचारलं, उदासी आहे का ते पाहिलं, कारण त्यांतही माणसाचं चित्त असंच उडतं. मग विचारलं, बाराव्या वर्षाच्या आधीचं काही सांगता येईल का? प्रगतिपुस्तक? आमच्या घरात कुठलं प्रगतिपुस्तक? मी मायला घेऊन गेलो. तिनं मिठाची गोष्ट सांगितली. अंगठा उठवणारी माझी माय, तीच माझा दाखला.

परतताना तळेगावच्या फाट्यावर गाडी थांबवली आणि रडलो. मी बिनडोक नव्हतो म्हणून रडलो. आणि एक्केचाळीस वर्षं परत मिळणार नाहीत म्हणूनही. त्याच वर्षी मल्याळम नट फहाद फासिलनं जाहीर सांगितलं होतं, त्याचं निदानही एक्केचाळीसाव्या वर्षी झालं. आलिया भटनंही सांगितलं. त्यांनी सांगितलं की बातमी होते. वस्तीतल्या पोराला झालं की लोक म्हणतात, माजलाय.

तुमच्यातले काही म्हणतील, हे पांढरपेशांचं फॅड. फॅड असतं तर शंभर वर्षांच्या वर टिकलं नसतं. १९०२ साली लंडनच्या जॉर्ज स्टिल या डॉक्टरनं अशी मुलं दाखवली, ज्यांची बुद्धी शाबूत होती, पण स्वतःला आवरता येत नव्हतं. त्यानंही खापर नीतीवरच फोडलं. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीला दिसलं की एका उत्तेजक औषधानं अशी मुलं शांत बसून अभ्यास करतात. आज अंदाज असा की शंभर मुलांत पाचेकांना आणि शंभर मोठ्यांत दोन-तीन जणांना हे असतं. आता तुमच्या वॉर्डाची माणसं मोजा.

काही म्हणतील, आमच्या रागाला आजार ठरवून गोळी देण्याचा हा डाव आहे. ही भीती खोटी नाही. १९६८ साली अमेरिकेत दोन मनोविकारतज्ज्ञांनी काळ्या माणसांच्या बंडालाच एका वेडाचं नाव दिलं होतं. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, त्यांच्याच काळातली ही गोष्ट. म्हणून डॉक्टरला प्रश्न विचारायचे. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की माणसाच्या सामाजिक दर्ज्यावरून, किंवा त्याचे राजकीय विचार समाजाला पटत नाहीत म्हणून, त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. त्याच कायद्यानं सरकारी खर्चाच्या सेवेत उपचार मिळवण्याचा हक्क दिलाय. दोन्ही वाक्यं पाठ करा.

जातीच्या अपमानावर गोळी नाही. त्यावर संघर्षच. पण ज्याचा अपमान कुणी केलाच नव्हता, त्या माझ्या पोराच्या ताटावर मी जो राग काढत होतो, तो कुठला संघर्ष? कुणाच्या मुक्तीसाठी? मी दोन्ही राग एकाच झेंड्याखाली चालवले. तुम्ही चालवू दिले.

उपचाराचं सांगतो. मिथाइलफेनिडेट नावाची गोळी आहे. सरकारनं ती कडक यादीत ठेवलीय. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. प्रत्येक दुकानात मिळत नाही. रक्तदाब, नाडी तपासावी लागते. सगळ्यांना चालत नाही, दुसरी औषधंही आहेत. कुणी माझ्याकडून गोळी मागू नका, मी देणार नाही. आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून स्वतःला शिक्का मारून घेऊ नका.

गोळीनं मला शहाणं केलं नाही. ठिणगी आणि हात यांच्यामध्ये दोन सेकंद दिले. मोटारीला रिले असतो ना, जास्त करंट आला की आधीच पाडतो, तसं काहीतरी. त्या दोन सेकंदांत काय करायचं ते मला शिकावं लागलं. बायको "फेज" म्हणाली की मी ताटावरून उठतो, बाहेर जाऊन बोअरिंगवर तोंड धुतो. दुकानात भिंतभर फळा लावलाय. बिलाची तारीख खडूनं लिहितो. खर्रा सुटला म्हणणार नाही, चारवर आलाय.

बायकोला मी सांगितलं, अगं, माझ्या मेंदूतच दोष होता. ती म्हणाली, मान्य. पण ताटं मी उचलली, त्याचं काय? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. आजाराचं नाव सापडलं म्हणून हिशोब मिटत नाही. उलट आता कुठं मांडता येतो.

आता चार गोष्टी मागतो. अठरा तासांचा उपक्रम ठेवा, पण जो पोरगा वीस-वीस मिनिटं वाचून मध्ये फेरी मारतो, त्यालाही त्याच सतरंजीवर जागा द्या. वस्तीतल्या ज्या पोराला बिनडोक म्हणतात आणि जी पोरगी खिडकीत हरवते, तिला सेवाग्रामला, सावंगीला दाखवा, लांब नाही. जाणं जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा फोन आहे. आणि घरात हात उगारणाऱ्याला वाघ म्हणणं बंद करा. तो मी असलो तरी.

शेवटचं. ज्या साथीला मी स्टूल मारलं होतं, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. भुवईवर खूण आहे. भाऊ, तू माझी माफी मागितली होतीस, ती परत घे. माफी मी मागतो, सगळ्यांसमोर. आणि ही बघ हिशोबाची वही. गेल्या महिन्यात सापडली, जुन्या तारेच्या खोक्यात तळाशी. मी मोजून पाहिलं, हिशोब पुरा आहे. एक रुपया कमी नाही. तरी तू एकदा तपासून घे. मी इथंच उभा आहे.

जयभीम.