मोगऱ्याची विश्रांती

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा मुलखात फुलझाडांची हौस करावी काय? आम्ही म्हणतो, करावी, पण मोगऱ्याची. हिवाळ्यात त्याला विश्रांती हवी असते. मार्गशीर्ष-पौषात आपण पाणी तोडावे, पाने झडू द्यावीत. माघात छाटणी करून, आळे खणून शेणखत घालावे आणि मगच पाणी सुरू करावे. कळ्या येतात त्या नव्या फुटीला. उन्हाळ्यात भाजी-तांदूळ धुतलेले पाणी मोरीत न सोडता आळ्यात ओतावे. नांदेड असो वा लातूर, आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. म्हणून पावसाळ्यापूर्वी चर काढावा. दुष्काळात तगलेली झाडे श्रावणात कुजतात, ती या चराअभावी.