किड्याचा आमच्याशी काय संबंध?



मी इतिहास शिकवतो, विज्ञान नव्हे. पण नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, माणसांचे आजार सोडून शास्त्रज्ञ किडे का तपासत बसतात?" तेव्हा मी निरुत्तर झालो. नंतर वाचून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांनी मातीतला एक सूत्रकृमी अभ्यासाला निवडला. नाव मोठे, सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. शरीर पारदर्शक आणि तीन-चार दिवसांत नवी पिढी. त्यांचा पहिला मोठा प्रबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला.

या कृमीच्या पोटाखाली अंडी बाहेर पडण्याचे द्वार असते. ते घडवू शकतील अशा सहा पेशी रांगेत असतात. काम मात्र तिघींनाच मिळते. शेजारची एक पेशी तसा रासायनिक निरोप पाठवते. लेसरने ती एक पेशी मारली की द्वार होतच नाही.

हा निरोप आत पोचतो कसा? आपल्या शाळेचेच पाहा. हेडमास्तर शिपायाला सांगतात, शिपाई घंटा वाजवतो. शास्त्रज्ञांनी बिघाड असलेले कृमी गोळा केले. काहींना द्वारच नव्हते. त्यांची अंडी पोटातच फुटतात आणि पिल्ले आईला खाऊन बाहेर येतात. काहींना द्वारासारखे अनेक उंचवटे होते. मग दोन बिघाड एकाच कृमीत आणले: निरोप घेणारे लेट-२३ हे जनुक निकामी आणि लेट-६० हे कायम चालू. तरी उंचवटे आलेच! शिपाई रजेवर असूनही घंटा वाजते, म्हणजे बिघाड घंटेतच.

१९९० साली लेट-६० ची ओळख पटली. ते रास कुळातले जनुक निघाले. याच कुळातले बिघडलेले जनुक १९८२ साली माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगात सापडले होते. लेट-२३ चे भावंडही आपल्या पेशींत आहे आणि त्याला अडवणारे सेटुक्सिमॅब नावाचे औषध मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगावर देतात. पण त्याआधी डॉक्टर रासची तपासणी करून घेतात. रास बिघडलेले असेल तर ते महागडे औषध सहसा देत नाहीत. शिपायाला अडवून घंटा थांबणार नसते.

त्या मुलीला मी हे सारे सांगितले. तिने लगेच विचारले, उरलेल्या तीन पेशींचे काय होते? त्या कातडीत मिसळून जातात.