तहान नसताना उंदीर का प्यायला?



आज मी तुम्हाला उंदरांची गोष्ट सांगणार आहे. हसू नका, ऐका!

सन १९६१ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन फॉल्क यांनी काही उंदीर अर्धपोटी ठेवले. दांडी दाबली की खाण्याची बारीकशी गोळी मिळे. पण सरासरी मिनिटाला एकच. पाणी मात्र हवे तेवढे. झाले काय? गोळी खाल्ली की उंदीर पाण्याकडे धावे. सुमारे तीन तासांत तो एरवीच्या दिवसभराच्या तिपटीहून जास्त पाणी पिऊन जाई! बरे, त्याला तहानलेला कोणी ठेवला नव्हता. तेच खाणे एकदम पुढ्यात टाकले की हे अतोनात पिणे होत नसे. गोळ्यांमधले अंतर बदलले की पिणेही कमीजास्त होई.

पुढे १९७२ मध्ये फॉल्क व सहकाऱ्यांनी बाटलीत मद्यमिश्रित पाणी ठेवले. खाणे तसेच, थांबून थांबून. उंदीर इतके प्याले की मद्य बंद करताच त्यांना झटके येऊ लागले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे कबूल. शास्त्रज्ञांतही कारणाबद्दल एकमत नाही. तरीपण घरातला कोणी पिऊ लागला की आपण पटकन म्हणतो, "त्याचा स्वभावच तसला." तेव्हा त्याला उपचाराला न्याच, पण हेही विचारा, की त्याची भाकरी येते कशी? रोज ताटकळत, तुकड्यातुकड्याने येते का? तिथेही काही दुरुस्त करता आले तर करूया.